मदत हवी आहे: डेंटिस्ट लोकांनी व्यायाम कधी आणि कोणता करावा?

नमस्कार मंडळी, मी डेंटिस्ट आहे, कोल्हापुरात स्वतःचं क्लिनिक, सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ५ ते ९. इथे कुणी डेंटिस्ट किंवा फिजिओ असतील तर प्लीज सांगा.

रात्री घरी येते तेव्हा अंग इतकं आंबलेलं असतं की घरच्यांना वाटतं हिचा दिवसभर भरपूर व्यायाम झाला, पण खरं तर हालचाल होतच नाही. वरच्या शेवटच्या दाढेचं आरसीटी (रूट कॅनाल) असलं की डाव्या हातात मिरर, मान वाकलेली आणि शिवाय थोडी वळलेली, उजवं कोपर हवेत, पेशंटचं तोंड हळूहळू मिटत येतंय आणि आपण अर्धा-पाऊण तास तसेच. उठलं की मानेपासून खांद्यापर्यंत नुसता दगड. माझ्या बॅचच्या बऱ्याच जणींची हीच तक्रार आहे. कॉलेजात ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायच्या घाईत कसं बसावं याकडे कुणी लक्षच देत नाही आणि तीच सवय पुढे क्लिनिकमध्ये येते, याचं मला फार वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा. सकाळी रंकाळ्यावर चालणं होतं, ताकदीचं मात्र राहूनच जातं. दुपारी जेवण, मुलीचा अभ्यास, लॅबचे फोन यातच ५ वाजतात. तुम्ही लोक कधी करता? आणि मान दुखत असताना सूर्यनमस्कार चालतात का? हल्ली उजव्या अंगठ्यात अधूनमधून मुंग्या पण येतात.

प्रतिसाद १ (फिजिओ आहे): ताई, मुंग्या येतायत तर आधी ऑर्थो (हाडांचे डॉक्टर) किंवा फिजिओला प्रत्यक्ष दाखवा, मानेतून येतंय की मनगटातून ते तपासल्याशिवाय सूर्यनमस्कार, वजनं काहीच सुरू करू नका. दाखवून झालं आणि त्यांनी हो म्हटलं की हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम आणि रबर बँड ओढून पाठीचे वरचे स्नायू मजबूत करणं, हे दोन्ही क्लिनिकमध्येच होतं. सलग तास मिळायलाच हवा असं नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाइडलाइन्समध्ये एका वेळी किमान १० मिनिटांची अट काढून टाकली आहे, दोन पेशंटच्या मधली ५ मिनिटंही धरा.

प्रतिसाद २: मी नाशिकला प्रॅक्टिस करतो. वरच्या दाढांना चेअर पूर्ण आडवी करा, पेशंटला हनुवटी वर करायला सांगा आणि तोंड आपल्या कोपराच्या उंचीला आणा, निम्मा त्रास तिथेच कमी होतो. लूप्स (डोळ्यांना लावायची भिंगं) घेणार असाल तर कामाचं अंतर आणि खाली बघण्याचा कोन स्वतःच्या मापाने करून घ्या, नाहीतर लूप्स लावूनही मान वाकतेच. व्यायाम मी सकाळी क्लिनिकच्या आधी उरकतो, रात्री ९ नंतर कधीच जमलं नाही.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. उद्याच ऑर्थोची अपॉइंटमेंट घेते. रबर बँड कुठल्या ताकदीचा घ्यायचा तेवढं सांगाल का?