मदत हवी आहे : निनावी पिंपांतील घातक कचऱ्याचा नमुना कसा घ्यावा?

नमस्कार. वडोदऱ्याजवळील नंदेसरी येथील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेचे काम मी पाहतो. जुन्या गोदामात २०० लिटरची काही लोखंडी पिंपे सापडली असून त्यांवरील लेबले गळून गेली आहेत. एकाचे झाकण फुगून वर आले आहे, त्याला अर्थातच कोणी हात लावलेला नाही. बाकीच्या पिंपांना अर्थिंग देऊन, ठिणगी न पाडणाऱ्या पितळी पान्याने बूच सावकाश सैल करायचे आणि काचेची नळी तळापर्यंत सोडून सर्व थरांचा नमुना घ्यायचा, असे ठरले आहे. मात्र आत काच खाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल असल्यास काच चालणार नाही. मग नळी कोणत्या प्लॅस्टिकची वापरावी? तळाशी घट्ट बसलेल्या गाळाचा नमुना आपण कशाने घेता? फुगलेले पिंप दुरून उघडण्याची सोय असलेली एखादी संस्था माहीत असल्यास कृपया कळवावे. घाई व्यवस्थापनाला आहे, मला नाही.