डायफ्रामला पत्रा म्हणणाऱ्यांनो, एकदा दिवे घाटात या

कात्रजचा बाळू : काल कुणीतरी इथं टाकलंय, 'डायफ्राम क्लच म्हणजे नुसता पत्रा, खरा क्लच कॉईल स्प्रिंगचा.' डोकंच उठलं. क्लच प्लेट इंजिनच्या चाकावर दाबून धरायला डायफ्राममध्ये ताटलीसारखी एकच स्प्रिंग असते, कॉईलवाल्यात गुंडाळलेल्या बऱ्याच स्प्रिंगा. अहो प्लेट झिजत गेली की कॉईल सैल पडतात, दाब उतरतो आणि चढाला इंजिन बोंबलतं, गाडी जागची हलत नाही. डायफ्रामचा दाब प्लेट झिजताना उलट आधी थोडा वाढतो, पडतो तो पार शेवटी. वर जास्त आरपीएमला कॉईल बाहेरच्या बाजूला वाकतात ते वेगळंच. आमच्या वडिलांच्या जीपला कॉईलच होत्या, सासवडला जाऊन आलं की डावा गुडघा शेकायला बसायचे.

जुना फिटर : पोस्ट माझीच. एक कॉईल तुटली तर तेवढी बदला, फिंगर, म्हणजे क्लच सोडवणारे दांडे, एका लेव्हलला लावा, गाडी रस्त्यावर. डायफ्रामच्या स्प्रिंगचं एक बोट, म्हणजे मधली पट्टी, तुटलं की अख्खी प्रेशर प्लेट, प्लेट दाबणारा सगळा भागच, भंगारात. नाना पेठेत पार्टच्या दुकानात जाऊन भाव विचारा मग गुडघ्याचं सांगा. आणि तुमच्या बाईकच्या क्लचमध्ये आजही कॉईलच आहेत, बघा उघडून.

कात्रजचा बाळू : बाईकचा तेलात बुडालेला, चार-पाच प्लेटांचा क्लच, त्याची तुलना जीपशी? धन्य आहे!

सिंहगड रोडवाली : स्प्रिंग कुठलीही घाला, जाळणारा पाय तोच. आमच्या ह्यांनी चढावर सिग्नलला गाडी हाफ क्लचवर धरली, हँडब्रेक लावायला कमीपणा वाटतो ना. जळका वास आला तर म्हणे कुणीतरी कचरा पेटवलाय. प्लेट काढली तेव्हा काळी ठिक्कर, ती दाबली जाते त्या फ्लायव्हीलवर, इंजिनच्या चाकावर, तापून निळे डाग.

पेठी खवचट : ताई, हँडब्रेक सोडेपर्यंत मागचा रिक्षावाला हॉर्न मारून जीव घेतो.

सिंहगड रोडवाली : मग मारू दे की! क्लचचं बिल तो भरणारे का?

पेठी खवचट : तुम्ही गाडी चालवता की नुसत्या शेजारी बसून शिकवता?

सिंहगड रोडवाली : 14 वर्षं माझी गाडी वेगळी चालवतेय, तिचा पहिलाच क्लच आहे. तुमचे किती झाले?

पेठी खवचट : तीन. पण ट्रॅफिकमुळे.

जुना फिटर : भांडा निवांत. बाळू, ट्रॅफिकमध्ये डायफ्रामचं पेडल हलकं लागतं एवढं मान्य, कॉईलचं जितकं दाबाल तितकं कडक होत जातं.

कात्रजचा बाळू : उपकार झाले. तुमच्या स्वतःच्या गाडीत काय आहे हो?

जुना फिटर : डायफ्राम. कंपनीने बसवून दिलाय, मी मागितला नव्हता.