आवाज पुतण्याचा, फोन भामट्याचा

दिंडोरीकर: काल थोरल्या भावाला फोन आला. पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याचा हुबेहूब आवाज: "पप्पा, अपघात झालाय, चाळीस हजार टाका." द्राक्षांचे पैसे नुकतेच जमा झालेले. वहिनीने पोराच्या नेहमीच्या नंबरवर लावला म्हणून वाचलो. आता आवाजावरही भरवसा नाही का?

सातपूरवाला: नाही, दादा. छोट्याशा रीलवरूनही एआय आवाज उभा करतं. २०२४ मध्ये हाँगकाँगला बनावट व्हिडिओ कॉलला फसून अरुप कंपनीचे सुमारे अडीच कोटी डॉलर गेले. घरात परवलीचा शब्द ठरवा. आजच!

पंचवटी: बचावालाही एआय आहेच. रिझर्व्ह बँकेचं 'म्यूलहंटर' चोरीचे पैसे फिरवणारी खाती हुडकतं. तरी पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

दिंडोरीकर: शब्द ठरला. वस्तीवर सगळ्यांना सांगतो.