व्हीआर गेम जॅम : ‘चक्कर आली’ या अभिप्रायाचे करायचे काय?

रहाटगाडगे (प्रश्न)

नमस्कार. आम्ही तिघांनी गेल्या महिन्यात इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावरील एका व्हीआर (हेडसेट डोळ्यांवर चढवून अनुभवायचे आभासी जग) गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत खेळ तयार करून एकमेकांचे खेळ तपासण्याच्या उपक्रमात, भाग घेतला होता. आमच्या खेळाची कल्पना साधी आहे. खेळाडू रात्रीच्या वेळी एका जुन्या विहिरीच्या काठावर उभा असतो, रहाटावरून सोडलेला दोर ओढून पोहरा वर आणतो आणि प्रत्येक खेपेला पाण्याबरोबर त्या विहिरीत कधीकाळी पडलेली एखादी वस्तू वर येते. शेवटच्या प्रसंगात खेळाडू स्वतःच पोहऱ्यासोबत खाली उतरतो.

मतदानाच्या मुदतीत नऊ जणांनी गुण दिले आणि सहा जणांनी प्रतिक्रिया लिहिल्या. त्यांपैकी दोघांनी ‘कल्पना छान’ एवढेच म्हटले आहे, दोघांनी ‘चक्कर आली, अर्ध्यात सोडला’ असे लिहिले आहे, एकाला दोर फार जड वाटला आणि दुसऱ्या एकाला दोराला वजनच जाणवले नाही. या सहा वाक्यांवरून नेमके काय दुरुस्त करावे, हे आम्हाला कळेनासे झाले आहे. चक्कर कुठे आली, केव्हा आली, याविषयी कोणी ताकास तूर लागू देत नाही. आमची सरासरी ३.८ होती, पण अंतिम यादीत २.८५ दिसते, हेही कोडेच आहे.

दुसरा प्रश्न अभिप्राय देण्याविषयी आहे. मी स्वतः बारा खेळ तपासायला घेतले होते, त्यांतले पाचच माझ्या हेडसेटवर चालले. एका खेळात दोन मिनिटांत इतके मळमळले की हेडसेट काढून मला खिडकीपाशी जाऊन बसावे लागले, आणि तरीही त्या खेळाच्या पानावर मी ‘छान प्रयत्न’ असे लिहून मोकळा झालो. आठवडाभर जागून केलेल्या कामाविषयी एखाद्या अनोळखी माणसाला ‘तुमच्या खेळाने मला त्रास झाला’ असे कसे सांगावे?

शेवटचा_बिल्ड

आधी गुणांचे कोडे सोडवतो, कारण त्यात रुसण्यासारखे काही नाही. इच डॉट आयओ सर्व खेळांना मिळालेल्या मतांच्या संख्या चढत्या क्रमाने लावून मधली संख्या, म्हणजे मध्यक, काढते आणि ज्या खेळाला त्यापेक्षा कमी मते मिळाली असतील त्याची सरासरी खाली ओढते. मिळालेल्या मतांना मध्यकाने भागायचे आणि येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने मूळ सरासरीला गुणायचे, असा तो हिशेब आहे. तुमची मते ९ आहेत. मध्यक १६ असला तर वर्गमूळ ०.७५ येते आणि ३.८ चे बरोबर २.८५ होतात. तेव्हा तुमचा खेळ कोणाला आवडला नाही असे नसून तो पुरेशा लोकांनी उघडलाच नाही. लुडम डेअर या दुसऱ्या गेम जॅममध्येही निदान वीस जणांनी गुण दिल्याशिवाय खेळाला क्रमांक मिळत नाही. एकमेकांचे खेळ खेळल्याशिवाय जॅमचा गाडा चालत नाही, हे तिथे उघडपणे मान्य केलेले आहे.

लोकांनी खेळ का उघडला नाही, हा यातला खरा मुद्दा आहे. ब्राउझरमधला खेळ एका टिचकीसरशी सुरू होतो. व्हीआरमध्ये मात्र एपीके (खेळाची फाइल) उतरवायची, बाहेरचे खेळ घालता यावेत म्हणून हेडसेटचा डेव्हलपर मोड चालू करायचा, साइडक्वेस्ट किंवा एडीबी अशा संगणकावरच्या साधनाने ती आत ढकलायची, मग ‘अनोळखी स्रोत’ या कप्प्यात जाऊन खेळ शोधायचा, आणि एवढे सोपस्कार झाल्यावर काळा पडदा दिसला की माणूस पुढच्या खेळाकडे वळतो. खेळ कोणत्या हेडसेटवर चालतो, उभे राहून खेळायचा की बसून, किती जागा लागते आणि किती वेळात संपतो, या चार गोष्टी पानाच्या अगदी वर लिहिल्या तर निम्मी गळती थांबते. तुम्हाला जे सात खेळ चालवता आले नाहीत त्यांच्या पानावर तेवढेच कळवा. ‘क्वेस्ट २ हेडसेटवर उघडला, लोगो दिसला, पुढे काळे’ हाही अभिप्रायच आहे, आणि जो खेळ कोणाच्याच हेडसेटवर उघडत नसेल त्याच्या कर्त्याला त्याहून मोलाचे दुसरे काही मिळणार नाही.

आणखी एक सूचना. ज्यांनी तुम्हाला नुसते ‘चक्कर आली’ असे लिहिले त्यांना खाली उत्तर देऊन दोनच प्रश्न विचारा : हेडसेट कोणता होता आणि त्या क्षणी डोळ्यांसमोर काय होते. खुलासे करू नका, ‘आमच्याकडे तर नीट चालतो’ असे तर मुळीच लिहू नका. बहुतेक लोक उत्तर देतात.

तालीममास्तर

मी मूळचा नाटकवाला, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासणीत आलो. एकांकिकेच्या तालमीला बाहेरचा माणूस बसवला की दिग्दर्शकाने त्याच्या शेजारी बसून ‘आता बघा हं, इथे गंमत आहे’ असे कुजबुजायचे नसते, कारण प्रयोगाच्या दिवशी प्रत्येक प्रेक्षकाच्या कानाशी तो असणार नाही. व्हीआरच्या चाचणीलाही मी तोच नियम लावतो. हेडसेटमधले चित्र लॅपटॉपवर कास्ट करावे, म्हणजे तिथे थेट दिसेल असे करावे, शक्य असल्यास फोनने खेळाडूच्या शरीराचेही चित्रण करावे आणि स्वतः तोंडाला कुलूप लावावे. शरीराचे चित्रण यासाठी की पडद्यावर फक्त हात दिसतात. गुडघे वाकले आहेत, माणूस एका पायावर रेलला आहे किंवा पाठ कपाटाला टेकली आहे, हे त्यात दिसत नाही. खेळाडू अडकला की आपली जीभ वळवळू लागते. तेव्हा घड्याळाकडे पाहून तीस सेकंद थांबावे, कारण त्या तीस सेकंदांत तो जे करून पाहतो ते नंतर त्याला विचारून कधीच कळणार नाही.

तुमच्या दोराविषयी माझा अंदाज असा आहे की जड म्हणणारा आणि हलका म्हणणारा, दोघेही खरेच बोलत आहेत. व्हीआरमध्ये वजन नसतेच. आपण दाखवलेला हात खऱ्या हाताच्या किंचित मागे ठेवतो आणि डोळे त्या अंतराला ओझे समजतात. तेव्हा एक माणूस दोर कसा ओढतो आणि दुसरा कसा, यावर सगळे अवलंबून आहे. दोन्ही हातांनी धरल्यावर ओढ कमी होईल असे काही तुम्ही लिहिले आहे का? तसे असेल तर मतांची बेरीज-वजाबाकी करत बसू नका. चार माणसांना दोर ओढायला लावा आणि त्यांचे हात पाहा. लोकांना बोच कुठे आहे ते बरोबर कळते, पण ‘दोर हलका करा’ हा त्यांनी सुचवलेला उपाय बहुधा चुकतो.

स्पष्टवक्ती

प्रश्नकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेच नाही, म्हणून लिहिते.

मळमळ झाली हे न सांगणे म्हणजे सौजन्य, असे आपल्याकडे उगीचच मानले जाते. रंगसंगती आवडली नाही हे मत झाले. मळमळ झाली ही घटना आहे, आणि घटना सांगताना माफी मागावी लागत नाही. आपल्या शरीराला काय झाले एवढेच सांगायचे, कर्त्याच्या कौशल्याविषयी बोलायचे नाही. मी साधारण असे लिहिते : ‘क्वेस्ट २, भिंगे मधल्या खाचेवर, म्हणजे ६३ मिलिमीटरवर, खुर्चीत बसून खेळले. तिसऱ्या मिनिटाला जिन्यावरून वळताना दृश्य आपोआप फिरले तेव्हा पोटात ढवळले. हेडसेट काढल्यावर दहा मिनिटांनी बरे वाटले. टप्प्याटप्प्याने (दृश्य सलग न फिरता झटक्यात ठरावीक अंशांनी) वळण्याची सोय सेटिंगमध्ये सापडली नाही. त्याआधीचा कंदील पेटवण्याचा भाग मी मुद्दाम दोनदा खेळले.’ यातले शेवटचे वाक्य गोडवा आणण्यासाठी घातलेले नाही. काय काढू नये हेही कर्त्याला कळावे लागते, नाहीतर घाबरून तो नेमका कंदीलच काढून टाकतो.

भिंगांची खाच सांगण्यामागेही कारण आहे. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत, आणि दोन बाहुल्यांमधले आपले अंतर त्यांपैकी कशाशीच जुळत नसेल तर डोळे शिणतात. त्याचा दोष खेळाच्या माथी मारणे बरे नव्हे. त्याचप्रमाणे लागोपाठ सहा खेळ तपासून सातव्याला ‘मळमळले’ लिहिणे हा सातव्यावर अन्याय आहे. मी एका बैठकीत तीनच खेळ घेते आणि पहिल्या खेळात त्रास झाला तर त्या दिवशी दुकान बंद.

त्रास मोजायचा असेल तर १९९३ साली सिम्युलेटरमधील त्रासासाठी तयार झालेली सोळा लक्षणांची प्रश्नावली आजही वापरतात. तिच्यात प्रत्येक लक्षणासाठी ‘नाही, किंचित, मध्यम, तीव्र’ अशा चार पायऱ्या आहेत. जॅमसाठी सोळा लक्षणे फार झाली, पण त्या चार पायऱ्या मात्र उचलण्यासारख्या आहेत, कारण ‘किंचित’ आणि ‘तीव्र’ यांतला फरक कर्त्याला लगेच उपयोगी पडतो. फक्त हे प्रश्न खेळ संपल्यावर विचारा. खेळण्यापूर्वीच अशी प्रश्नावली भरून घेतली तर लोक नंतर जास्त त्रास नोंदवतात, असे २००७ च्या एका अभ्यासात दिसून आले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. ‘तुम्हाला मळमळते का?’ असे चारदा विचारले की कोणालाही मळमळू लागेल.

अडगळ

थोडा विरोधी सूर लावतो. जॅम ही हौस आहे, प्रयोगशाळा नाही. मागे एका खेळाच्या पानावर खेळून झाल्यावर भरण्यासाठी बावीस प्रश्नांचा फॉर्म ठेवलेला मी पाहिला. मी तो भरला नाही आणि ओशाळून गुणही दिले नाहीत. अशाने फुकट खेळणारी माणसेही हातची जातात. मोकळ्या मनाने लिहिलेल्या दोन ओळी मला त्या फॉर्मपेक्षा प्रिय आहेत, मग त्या अर्धवट का असेनात. शिवाय ज्या खेळाला कर्ता पुन्हा हातच लावणार नाही त्याची एवढी चिरफाड करून कोणाचे भले होते? खेळ पुढे वाढवणार आहात की इथेच सोडणार आहात, हे एका ओळीत सांगून टाका. मी त्याप्रमाणे लिहायला दोन मिनिटे देईन किंवा वीस.

रहाटगाडगे

सर्वांचे आभार. दहा दिवसांत जे घडले ते कळवतो.

चक्कर आलेल्या दोघांनाही ते दोन प्रश्न विचारले आणि दोघांचीही उत्तरे आली. पहिले गृहस्थ क्वेस्ट २ वर खेळत होते आणि त्यांना कठड्यावरून वाकून पाण्याकडे पाहताना त्रास झाला होता. दुसऱ्यांचे हेडसेट संगणकाला जोडलेले होते, त्यांना वाकताना काहीच झाले नाही, शेवटच्या उतरणीत झाले. एकाच शब्दाखाली दोन वेगळी दुखणी होती. ओव्हीआर मेट्रिक्स टूल हे हेडसेटची कामगिरी मोजणारे साधन लावून पाहिले तर वाकताच पाण्याचे प्रतिबिंब चित्रात येते आणि ७२ चा फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) पंचेचाळिसाच्या आसपास घसरतो. एका फ्रेमला जे १३.९ मिलिसेकंद मिळतात ते त्या पाण्याला पुरत नाहीत. आमची सगळी चाचणी तगड्या ग्राफिक्स कार्डाच्या संगणकावर झाल्यामुळे आम्हाला हे कधी दिसलेच नाही. प्रतिबिंब काढून तिथे स्थिर चित्र बसवले आहे, रात्रीची वेळ असल्यामुळे ते खपून जाते. उतरणीत विहिरीचे दगडी थर डोळ्यांच्या दोन्ही कडांनी वर सरकतात आणि शरीर मात्र जागेवर असते, म्हणून तिथे कडा काळोख्या करून दृष्टीचे क्षेत्र आवळले आहे. हालचाल चालू असताना असे केल्याने त्रास कमी होतो आणि अनेकांच्या ते लक्षातही येत नाही, हे कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवले होते.

तालीममास्तरांचा अंदाज खरा ठरला. दोन्ही हात दोरावर असले की ओढ निम्मी करायची, अशी एक ओळ मीच लिहिली होती आणि विसरलो होतो. चौघांना खेळायला बसवले. दोघांनी दोर घट्ट धरून मागे पावले टाकली आणि त्यांतला एक थेट सोफ्यावर बसला. चौथी माझी आजी होती. तिने लहानपणी खरोखर विहिरीचे पाणी शेंदले आहे, त्यामुळे तिचे हात एकावर एक अगदी लयीत चालले, पण पोहरा काही केल्या वर येईना. मी तीस सेकंद गप्प बसलो, ते फार जड गेले. आजी बटण दाबत नव्हती, ती मूठ आवळत होती, आणि मूठ आवळली की मधल्या बोटाखालचे पकडीचे बटण आणि तर्जनीखालचा ट्रिगर एकदम दाबले जातात. आमच्या खेळात ट्रिगर दाबला की दोर सुटतो. हेडसेट काढल्यावर आजी म्हणाली, “दोर तुपात बुडवून ठेवलाय का रे?” आता दोर सोडण्यासाठी मूठ उघडणे एवढेच पुरते.

अडगळ यांच्या सूचनेप्रमाणे पानावर ‘हा खेळ पुढे वाढवणार आहोत’ अशी ओळ टाकली आहे. मतदानाच्या वेळचा बिल्ड (खेळाची तयार आवृत्ती) तसाच ठेवून दुरुस्त केलेला वेगळ्या नावाने चढवला आहे. जॅम संपल्यावर ही सगळी धावपळ म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, पण असो.

ज्या पानावर मी ‘छान प्रयत्न’ लिहिले होते तिथे परत जाऊन स्पष्टवक्ती यांच्या धाटणीने सगळे नव्याने लिहिले. त्या खेळाच्या कर्त्याचे दुसऱ्याच दिवशी उत्तर आले : त्रास बोगद्यातल्या पहिल्या वळणावर झाला की दुसऱ्या? ते ठरवण्यासाठी आज संध्याकाळी, पोटात फारसे काही नसताना, मी तो पुन्हा खेळणार आहे.