बाथरूमच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची नवी गॅलरी, काय लावू?

लोकमान्यनगरची_सून:
नमस्कार मंडळी. घर इंदूरला, लोकमान्य नगरात, जुनं आहे आणि बाथरूम वरच्या मजल्यावर. इतकी वर्षं खिडकीसमोर शेजाऱ्यांचे पत्रे होते म्हणून साध्या काचेचं कुणाला काही वाटलं नाही, आता त्यांनी वर मजला चढवला आणि त्यांची गॅलरी बरोब्बर आमच्या खिडकीसमोर आलीये, मधे फार तर आठ फूट. खिडकी लूव्हरची, सहा आडव्या पट्ट्या, बाजूच्या दांडीने उघडतात त्या. सासूबाई पहाटे साडेपाचला आंघोळीला जातात, दिवा लावावाच लागतो, तर त्यांनी खिडकीवर जुना पंचा खिळ्याला टांगलाय, तो सदा ओला आणि आता कुबट वास मारतोय. हे म्हणतात आरशासारखी फिल्म मिळते ती चिकटवू, बाहेरून काही दिसत नाही. सासरे म्हणतात प्लायवूड ठोका आणि मोकळे व्हा. कुणी केलंय का?

शेव_कमी_टाका:
आरशाची फिल्म नको ताई, आम्ही करून बसलोय. ती दिवसा मस्त, कारण बाहेर उजेड जास्त असतो. जिकडे उजेड कमी तिकडच्याला पलीकडचं दिसतं, एवढंच त्याचं गणित. पहाटे बाहेर अंधार आणि आत ट्यूबलाइट म्हणजे सगळं उलटं, तुम्हाला आरसा दिसणार आणि गॅलरीतल्याला सासूबाई. त्यापेक्षा साधी दुधी, फ्रॉस्टेड फिल्म बरी, साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवायची आणि जुन्या एटीएम कार्डाने बुडबुडे काढायचे.

बडोदेकर:
लूव्हरला फिल्म म्हणजे सहा वेळा कापाकापी, आणि पट्टी जिथे क्लिपमध्ये बसते तिथूनच ती आधी सुटते. आमच्याकडे वर्षभरात कडा वळल्या होत्या. पट्ट्याच बदला, एकेक सरकून बाहेर येते. एक पट्टी नमुन्याला दुकानात न्यायची, तेवढ्याच जाडीची आणि मापाची दाणेदार पिनहेड काच कापून घ्यायची. काठ घासून द्यायला सांगा नाहीतर पुसताना बोट कापतं. दळलेली दुधी काच घेऊ नका, तिची खरबरीत बाजू ओली झाली की पाणी खळग्यांत भरतं आणि तेवढ्यापुरतं आरपार दिसायला लागतं, बाथरूममध्ये नेमकं तेच होणार.

जुना_वायरमन:
आधी सांगा गीझर कसला आहे? गॅसचा असेल तर प्लायवूडचं नावसुद्धा काढू नका. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही वास नाही, माणसाला चक्कर येते आणि कडी उघडायलाही उठता येत नाही. खरं तर गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच हवा, खिडकी उघडी ठेवली म्हणजे झालं असंही नाही.

लोकमान्यनगरची_सून:
गॅसचाच आहे हो, आणि आतच!! यांना वाचून दाखवलं, प्लायवूड रद्द आणि गीझर बाहेरच्या बाल्कनीत काढायचं ठरलंय. पण मग पट्ट्या उघड्या ठेवल्या की फटीतून दिसणारच ना? आणि दाणेदार काचेतून सावली?

जुना_वायरमन:
फटीचं असं आहे, पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या असतात, पाऊस आत येऊ नये म्हणून. त्यामुळे वरून बघणाऱ्याला काचच आडवी येते आणि खाली उभं राहून बघणाऱ्याला तुमचं छत दिसतं. अडचण समोरासमोरच्याची, दांडी अर्ध्यावर ठेवली तर त्याला बोटाएवढ्या आडव्या चिरा दिसतात, पूर्ण आडव्या केल्या तर सगळंच. म्हणून खालच्या चार पट्ट्या एका दांडीवर आणि वरच्या दोन वेगळ्या, अशी फ्रेम मिळते का विचारा. खालच्या मिटलेल्या ठेवायच्या, वरच्या कायम उघड्या.
सावलीचा दोष काचेचा नाही, दिव्याचा. तुमचा दिवा खिडकीच्या समोरच्या भिंतीवर असणार, म्हणजे माणूस मधे आणि सावली थेट काचेवर, पडद्यावरच्या सिनेमासारखी. दिवा खिडकीच्याच भिंतीवर, तिच्या वर घ्या, सावली मागच्या टाइल्सवर जाईल. काचेला खेटून उभं राहिलं तर आकार दिसेलच, नळ त्या बाजूला नसला म्हणजे झालं.

लोकमान्यनगरची_सून:
अपडेट. सियागंजातून पिनहेड पट्ट्या आणल्या, फ्रेम वेगळी नाही मिळाली पण मिस्त्रीने जुन्या दांडीतून वरच्या दोन सोडवून उघड्या फिक्स केल्या. दिवाही हलवला, गीझर बाहेर गेला. काल रात्री हे आत शर्टपँट घालून हात वर करून उभे आणि मी शेजारच्या काकूंना विचारून त्यांच्या गॅलरीत. निळसर धब्बा दिसला, माणूस की बादली कळत नाही. काकू म्हणाल्या बरं केलंस बाई, त्या पंच्यामुळे आम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं, पहाटे कपडे वाळत घालायचे सोडले होते मी. पंचा आता फरशी पुसायला काढलाय, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.