रस्ता काँक्रीटचा होण्याआधी गॅसवाहिनी हलवावी का?

सातपूरकर : २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमधील रस्त्यांची कामे निघत असताना, जेथे काँक्रीट पडणार आहे तेथील घरगुती गॅसची वाहिनी आधी कडेला हलवावी, असे माझे मत आहे. डांबर उकरून बुजवता येते. काँक्रीट मात्र कटरने कापावे लागते आणि नंतर भरलेला तुकडा मूळ रस्त्याशी क्वचितच एकजीव होतो. शिवाय नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास तो वर येऊ पाहतो, आणि वर काँक्रीटचे झाकण असेल तर आडवा पसरून गटारात किंवा केबलच्या नळीत शिरू शकतो.

इंदिरानगरवासी : सरसकट हलवण्यास माझा विरोध आहे. आधी शेजारून नवी वाहिनी टाकून ती दाबाखाली तपासायची, जुन्या पिवळ्या प्लास्टिकच्या पाइपला दोन्ही बाजूंनी चिमटा लावून प्रवाह थांबवायचा, जोड वितळवून बसवायचे आणि पुरवठा पुन्हा सुरू करण्यापूर्वी घरोघरी शेगडीचे कॉक बंद असल्याची खात्री करायची, एवढा हा व्याप आहे. वाहिनी साधारण एक मीटर खोल असेल, तर वरचा थर बदलायला ती आड येत नाही. खरा धोका जेसीबीच्या बकेटचा आहे. खोदण्यापूर्वी सूचना देता यावी म्हणून केंद्राने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणले. ते वापरावे आणि हाताने चाचणी खड्डे घ्यावेत, एवढे पुरेसे आहे.

पंचवटीकर : आणि ‘कडेला’ म्हणजे नेमके कोठे? तेथे पावसाळी गटार, विजेची केबल, जलवाहिनी असते. गंगापूर रोडसारख्या ठिकाणी जुन्या वृक्षांची मुळेही. (कागदावरच्या कडेला जागा भरपूर असते, हे वेगळे.)

सातपूरकर : खोलीचा मुद्दा मान्य आहे, पण वारंवार भराव आणि उकरणी झालेल्या रस्त्यावर मूळची खोली कायम राहिलीच असेल असे गृहीत धरता येणार नाही. चाचणी खड्ड्यांत वाहिनी उथळ सापडली, किंवा नव्या गटाराच्या रेषेत आली, तर तेवढा टप्पा तरी हलवावाच लागेल.

इंदिरानगरवासी : तेवढ्या टप्प्याला माझी हरकत नाही. मात्र त्याचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरावा. अन्यथा पालिका आणि गॅस कंपनी यांच्या पत्रव्यवहारात रस्ता उकरलेलाच पडून राहील.