मशीनच्या पॅनेलवर अँड्रॉइडची मुक्तस्रोत आवृत्ती: काय बदलावे, कशाला हात लावू नये?

प्रश्न
नमस्कार. भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात प्लास्टिक मोल्डिंग मशीनची कंट्रोल पॅनेल तयार होतात. आय.एमएक्स ८एम मिनी चिपच्या बोर्डवर एओएसपी (अँड्रॉइडचा मुक्तस्रोत कोड) स्वतः बिल्ड करून चालवले आहे. पण आरएस-४८५ चा (यंत्रांना तारेने जोडणारा) सिरियल पोर्ट आमच्या ॲपला उघडता येत नाही. पोर्टच्या फाइलला सर्वांसाठी परवानगी देऊनही नकारच मिळतो. शिवाय अपडेट चालू असताना वीज गेली आणि एक बोर्ड पुन्हा सुरूच झाला नाही. पुढे दर १० मिलिसेकंदांनी दाब वाचून ॲपमधूनच व्हॉल्व्ह बंद करण्याचा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
फाइलची परवानगी आणि एसईलिनक्सची (कोणत्या प्रोसेसने काय वापरावे हे ठरवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेची) परवानगी ही दोन वेगळी कुलुपे आहेत, आणि अँड्रॉइड ५.० पासून दुसरे कुलूप सगळ्या प्रोसेसना लागू आहे. लॉगमध्ये ‘एव्हीसी डिनाइड’ ही एसईलिनक्सच्या नकाराची ओळ शोधा. कोणत्या प्रोसेसला कोणत्या लेबलच्या फाइलवर अडवले, ते तिथेच लिहिलेले असते. पोर्टवर ‘डिव्हाइस’ हे सर्वसाधारण लेबल असेल, तर ते उघडण्याची मुभा एसईलिनक्सच्या धोरणात (नियमांत) लिहिताच बिल्ड थांबते, म्हणून पोर्टला स्वतंत्र लेबल द्या. पोर्ट मात्र ॲपने उघडू नये. व्हेंडर पार्टिशनमध्ये (हार्डवेअर बनवणाऱ्याच्या कोडसाठीच्या भागात) छोटी नेटिव्ह सर्व्हिस (जावाविना पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) ठेवा आणि ॲपला बाइंडरमार्फत (प्रोसेसमधल्या संवादाच्या अँड्रॉइडच्या सोयीमार्फत) तिच्याशी बोलू द्या. आवृत्ती ८.० पासून व्हेंडरचा भाग मूळ प्रणालीपासून वेगळा झाला आहे, त्यामुळे तुमचे बदल तिथेच राहिले तर पुढच्या आवृत्तीवर जाताना कष्ट वाचतात. कंटाळून एसईलिनक्स ‘परमिसिव्ह’ (फक्त नोंद करणारे, न अडवणारे) करून पॅनेल ग्राहकाकडे पाठवू नका, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद २
व्हॉल्व्हचा विचार सोडून द्या. गार्बेज कलेक्शन (न वापरलेली मेमरी मोकळी करण्याचे काम) नेमके कधी होईल आणि ॲपचा थ्रेड किती वेळ थांबेल, याची हमी अँड्रॉइड देत नाही. २०२४ च्या लिनक्स ६.१२ मध्ये रिअल-टाइमचा (ठरल्या वेळेत काम करण्याचा) पर्याय मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, आला खरा, पण त्याने ॲप ज्यात चालते तो वरचा जावाचा थर वेळेला बांधला जात नाही. तुमच्याच चिपमध्ये अँड्रॉइड चालवणाऱ्या कॉर्टेक्स-ए५३ च्या जोडीला कॉर्टेक्स-एम४ हा छोटा स्वतंत्र कोअर आहे. दाब वाचणे आणि व्हॉल्व्ह हलवणे हे काम त्याच्याकडे किंवा पीएलसीकडे (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाकडे) सोपवा. पॅनेलने फक्त आकडे दाखवावेत आणि सेटिंग घ्यावे. स्क्रीन गोठली तरी मशीन सुरक्षित स्थितीत गेले पाहिजे, आणि आपत्कालीन थांब्याचे बटण थेट वायरनेच जोडलेले असले पाहिजे.

प्रतिसाद ३
अपडेटसाठी आवृत्ती ७.० पासून असलेली ए/बी पद्धत (प्रणालीसाठी दोन जागा, म्हणजे स्लॉट, ठेवण्याची) घ्या. नवी प्रत रिकाम्या स्लॉटवर लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी चालती प्रत शाबूत राहते. नवी प्रत सुरू झाली नाही, तर काही प्रयत्नांनंतर बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) जुन्यावर परततो. सगळा सोर्स आणि बिल्डची साधने स्वतःच्या सर्व्हरवर जपून ठेवा. कारण गूगल साथ सोडू शकते: अँड्रॉइड थिंग्ज या तिच्या उपकरणांसाठीच्या प्रणालीची १.० आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिची सेवा बंद झाली. मोल्डिंग मशीन त्याहून कितीतरी जास्त वर्षे चालते.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. ती ओळ सापडली. लेबल ‘डिव्हाइस’च होते. पोर्ट सर्व्हिसकडे दिला असून दाबाचे आकडे आता स्क्रीनवर येत आहेत. व्हॉल्व्हचे काम एम४ वर हलवत आहोत.